रविवारचं मौन

“मुलुंडच्या स्थळाला सोमवारी होकार-नकार कळवायचाय, बाबा,” मी म्हटलं. शनिवारची संध्याकाळ होती. मी तव्यापाशी, बाबा खाटेवर.

“कळव.”

“काय कळवू?”

“जातला कोण नि रवतला कोण? बाप नि चेडू, ह्यो सगळो भास गो, शुभा.”

“मग बापलेकीच्या भासाला भाकऱ्या दोन करू की तीन?”

“तीन,” म्हणून बाबा हसले. मलाही हसू आलं. “आणि उद्या रविवार. लक्षात आसा मां?”

लक्षात नसून कसं चालेल? त्र्याऐंशी साली संप फसला, गिरणी सुटली, मग आई गेली. तेव्हापासून बाबा जोगेश्वरीतल्या अद्वैताच्या मंडळात जायचे. तीस वर्षं मागावर तुटलेला धागा शोधला, आता शोधणाऱ्याला शोधतो, असं म्हणायचे. रविवारी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मौन. खोली एकच, त्यामुळे ते मलाही. आठवड्यातली माझी एकुलती एक सुट्टी तशीच जायची. काही लागलं तर पाटीवर लिहायचं. एकदा मी “दूध उतू जातंय” एवढंच बोलून गेले होते, तर बाबांनी तीन दिवस अन्न घेतलं नाही. पुन्हा मी चुकले नाही. चौतीस वर्षांची बाई, स्वतःच्या खोलीत भांडीसुद्धा आवाज न करता ठेवायची.

त्या रविवारी दहाच्या सुमारास बाबांचा हात छातीवर गेला. कपाळावर घाम होता. मी पाटी पुढे धरली. त्यांनी सावकाश लिहिलं, ‘शरीर दुखतं. बघणारा ठीक.’ आणि डोळे मिटले.

मी पाटी जागेवर ठेवली आणि तांदूळ निवडत बसले. दार उघडं होतं, समोर शेजारची कुंदा कपडे वाळत घालत होती. एक हाक पुरली असती.

दुपारी ताट तसंच राहिलं. ध्यान लागलं की ते जेवत नसत. मी ताट झाकून ठेवलं.

मौन सोडायला मंडळाची माणसं आमच्याकडे येत. त्या संध्याकाळी पाचजण आले, चपला बाहेर काढून भिंतीला टेकलेल्या बाबांसमोर बसले. मी दिवा लावला. बाबा हलले नाहीत.

मंडळाचे प्रमुख विद्याधरकाका कुजबुजले, “समाधी लागली. शिवदास पोचला.”

सगळ्यांनी हात जोडले. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्धा तास कुणी हललं नाही. मीही हात जोडूनच बसले होते. बाबांचा खालचा ओठ सुटलेला होता. झोपेतसुद्धा ते तोंड घट्ट मिटून झोपायचे.

“काका,” मी म्हटलं, “बाबा गेलेत.”

“जाणारा कुणी नसतोच, शुभा. शांत राहा.”

मी पुढे सरकून बाबांचा हात हातात घेतला. तो गार होता, बराच वेळ गार असावा.

“मला जायचं होतं, बाबा,” मी मोठ्यानं म्हणाले. “मुलुंडला. तुम्ही एकदा जा म्हणायला हवं होतं.”