ब्रिगेडियरचा रंग आणि हेटीची बोटं

त्या शनिवारी हेटी एन्टविसलच्या उजव्या हाताच्या चार बोटांना चिकटपट्ट्या होत्या, आणि कुणी विचारलंच तर बटाटे सोलताना लागलं असं सांगायचं तिनं ठरवून टाकलं होतं. आता इतकी वर्षं स्वयंपाक केलेली बाई बटाटे सोलताना एकदम चार बोटं कशी कापून घेईल, हा प्रश्न तिला पडला नव्हता. तिच्या नवऱ्याला, नॉरिसला, पडला होता. पण त्याचं काम गाडी चालवायचं होतं, प्रश्न विचारायचं नव्हतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

बोटं फोडली होती ब्रिगेडियरनं. हा तिचा लाडका हॅमस्टर. आणि काय त्याचा रंग सांगावा! कडक कॉफीसारखा काळपट तपकिरी, डोळ्यांभोवती फिकट कडी, आणि अंगावर फुंकर घातली की केसांच्या मुळाशी दुधाच्या सायीसारखा पांढुरका. हा रंग मिळवायला हेटीनं काय केलं नाही? शिंकणारे बाजूला काढले, दात वाकडे असणारे बाजूला काढले, जवळच्या नात्यात कधी जोडी लावली नाही, मादीचं वय उलटू दिलं नाही, आणि पिल्लांना घरं मिळाल्याशिवाय पुढची वीण घेतली नाही. एवढ्या सगळ्यातून शेवटी ब्रिगेडियर जन्माला आला, आणि डोळे उघडल्या उघडल्या तिला चावला.

इथेच तर घोडं अडलं होतं. इंग्लंडातल्या लँकेशायरमधल्या त्यांच्या हॅमस्टर क्लबाचा नियम होता की चावऱ्याची पिल्लं घ्यायची नाहीत, कारण चावरेपणा रक्तातून उतरतो. हा नियम आणला कुणी? हेटीनंच. भर सभेत टेबलावर हात आपटून. त्या नियमापायी क्लबातल्या ग्लेनिस ओग्डेनला तिच्या दालचिनी रंगाच्या हॅमस्टरांचा अख्खा वंश थांबवावा लागला होता, आणि तेव्हापासून ग्लेनिस तिच्याशी फक्त हवापाण्याबद्दल बोलायची, तेसुद्धा पाऊस असेल तरच.

त्यामुळे ब्रिगेडियर चावतो हे हेटी स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हती. तो दचकतो, असं ती म्हणायची. मग म्हणाली, हाताला साबणाचा वास येतो म्हणून असेल. साबण बदलला. मग घरात कांदा बंद झाला. शेवटी नॉरिस म्हणाला, "अगं, मलाही चावला तो. आणि मी कुठे साबण लावतो?" त्यावर त्याला दोन दिवस कुणी चहा विचारला नाही.

तिचा बेत साधा होता. क्लबाच्या शनिवारच्या प्रदर्शनात ब्रिगेडियरला कप मिळवायचा, आणि त्याच आठवड्यात त्याची जोडी लावायची. एकदा कप मिळाला की शंका कोण घेणार? पिल्लं झाली की हा रंग टिकला. नाही झाली तर तो याच्याबरोबर संपला, आणि हेटीची सगळी मेहनत पाण्यात. घरी मादीही तयार होती.

चर्चच्या हॉलमध्ये टेबलांवर एकसारख्या पेट्या मांडल्या होत्या. पेटीवर नुसता आकडा, मालकाचं नाव नाही. परीक्षण चालू असताना मालकानं जवळ फिरकायचं नाही, आपला प्राणी कोणता हे चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नाही. हेटी चहाच्या मोठ्या बंबापाशी उभी राहून छताकडे बघत होती. इतक्या संशयास्पद रीतीनं छताकडे बघणारी बाई त्या चर्चनं पाहिली नसेल.

परीक्षक होते क्रॅबट्री. पांढरा कोट, कडक इस्त्री, आणि त्याहून कडक स्वभाव. एखादा हॅमस्टर हळूच शिंकला तरी त्याला घरी धाडणारा माणूस. परीक्षकाला चावला तो जागच्या जागी बाद, हा तर जुनाच नियम.

क्रॅबट्रींनी ब्रिगेडियरला उचललं. हेटीनं डोळे मिटले. आता ओरडतील, मग ओरडतील म्हणून कान टवकारून वाट बघितली, पण कुणी ओरडलं नाही. डोळे उघडून बघते तर क्रॅबट्री त्याला खिडकीपाशी उजेडात घेऊन गेलेले, पाठ सगळ्यांकडे. त्यांनी केसांवर फुंकर घातली. पुन्हा घातली. मग त्याला अलगद पेटीत ठेवलं, हात कोटाच्या खिशात घातला आणि मदतनीस बाईंना हळू आवाजात काहीतरी टिपायला सांगितलं.

प्रदर्शनातला सर्वोत्तम हॅमस्टर, ब्रिगेडियर! नॉरिसच्या हातातलं सँडविच कॉलरमध्ये गेलं. क्रॅबट्रींनी डाव्या हातानं कप दिला, आणि मग लोकांनी हेटीला गराडाच घातला. ज्याला त्याला पिल्लू हवं. हेटी सगळ्यांना हो, हो म्हणत सुटली. मनातून धाकधूक होती, पण आनंद इतका झाला होता की तिनं त्या धाकधुकीकडे लक्षच दिलं नाही.

गर्दी पांगली तेव्हा समोर ग्लेनिस उभी. बाहेर पाऊस नव्हता.

"हेटी, खरं सांगू? तेव्हा तुझा इतका राग आला होता की भांडी घासताना तुझ्या नावानं आपटायचे," ती म्हणाली. "पण तुझंच बरोबर होतं. माझ्या त्या दालचिनीवाल्यांनी आज ना उद्या कुणाच्या तरी पोराचं बोट फोडलं असतं. थांबवलं मी, रडले, पण थांबवलं. आता मला याचं एक पिल्लू दे. तुझ्याकडचं म्हणजे डोळे झाकून हातात घ्यावं."

दुसऱ्या कुणालाही हेटी बिनदिक्कत थाप मारू शकली असती. पण जिला आपण रडवलं, तीच येऊन तुझं बरोबर होतं म्हणते? हेटीला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तरातरा क्रॅबट्रींच्या टेबलापाशी गेली, कप खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर एकेक पट्टी ओढून काढली.

"हा चावतो," ती म्हणाली. "बटाटे नाहीत, काही नाहीत, हाच मेला चावतो. पहिल्यापासून चावतो, आणि मी लपवलं. याची पिल्लं कुणाला मिळणार नाहीत. कप परत घ्या."

क्रॅबट्री कानापर्यंत लाल झाले.

"मला माहीत आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी खिशातला हात बाहेर काढला. बोटाला रुमाल गुंडाळलेला, आणि रुमाल रक्तानं माखलेला. "उचलला तेव्हाच कडकडून चावला. पण एन्टविसलबाई, असा रंग मी उभ्या जन्मात बघितला नाही हो. म्हटलं, उजेडात एकदा बघतो आणि मग बाद करतो. बघितला, आणि तोंडच उघडेना."

मदतनीस बाई मटकन खुर्चीत बसल्या. क्रॅबट्री कोट उतरवायला लागले, मी आजपासून परीक्षक नाही म्हणाले. क्लबाच्या समितीनं त्यांना आधी चहा घ्या, मग काय सोडायचं ते सोडा, असं सांगितलं. कप गेला दुसऱ्या नंबरच्या एका गोऱ्यापान, जाड्या हॅमस्टरला. सगळा समारंभ तो झोपूनच होता.

आणि ग्लेनिस? ती आधी हेटीच्या बोटांकडे बघत राहिली, मग क्रॅबट्रींच्या रुमालाकडे, आणि मग जी हसत सुटली ती टेबलाला धरून. हसणं आवरल्यावर तिनं दोघांना नळाखाली नेऊन हात धुवायला लावले, आणि जखमांना औषध जरा जोरातच चोळलं.

मग तिघं ब्रिगेडियरच्या पेटीपाशी आले. तो गवत विस्कटत होता, आणि काय दिसत होता म्हणून सांगू.

"मग हा रंग गेलाच म्हणायचा," क्रॅबट्री म्हणाले.

"याची बहीण आहे," हेटी म्हणाली. "रंगाला अगदीच फिक्कट, पुन्हा उकळलेल्या चहासारखी. पण हातावर झोपते. तिच्यापासून सुरुवात करायची, दर वेळी गरीब स्वभावाचेच निवडायचे. पण एवढा गडद यायला किती पिढ्या जातील देव जाणे. आणि माझे डोळे हल्ली अधू होत चाललेत. तोवर मला रंग दिसला तरी पुरे."

"तुला नाही दिसला तर मी बघून सांगेन," ग्लेनिस म्हणाली.

"तू काय, फिकट असला तरी मला गडद म्हणून सांगशील."

"फिकट असेल तर फिकटच सांगेन. तुला बरं वाटावं म्हणून एक शब्द बदलणार नाही."

हेटीनं नाक ओढलं आणि तिला खुर्ची सरकवून दिली. ब्रिगेडियरच्या बहिणीला नर कुणाकडचा आणायचा, यावरून दोघींचं तिथेच बसून भांडण सुरू झालं, आणि नॉरिस गाडी काढायला गेला होता तो इंजिन बंद करून परत आत आला.