आस्ते, लेडीज

"दर्द हो तो बोलना, दीदी. पति के सामने हिरॉइन मत बनना."

डिस्चार्जच्या दिवशी औषधं पिशवीत भरता भरता आयाबाई म्हणाल्या, तेव्हा ऋताने नुसती मान डोलावली. तिचं सगळं लक्ष दुपट्यातल्या नूपुरकडे होतं. शिवाय मानसशास्त्रात एम.ए. केलेल्या बाईला हे काय सांगायचं, असंही वाटून गेलं.

आणि मग ती हिरॉइनच बनली. नूपुर रांगायला लागली, डॉक्टरांनी 'आता हरकत नाही' म्हणून केव्हाच सांगितलं होतं, तरी नवरा, सलील, जवळ आला की ऋताचा एक कान पाळण्याकडे असायचा. दुखलं की ती पायाची बोटं आवळायची. लवकर आटपावं म्हणून खोटंच हुंकारायची.

"बरं वाटलं ना?" तो विचारायचा.

"हो." आणि उठून नूपुरचा श्वास चालू आहे ना, ते बघून यायची.

सलील भोळा होता, आंधळा नव्हता. हळूहळू तो विचारेनासा झाला, मग जवळही येईनासा झाला. दुखण्यापेक्षा ऋताला याची भीती जास्त वाटायची. दोघांमधलं हे असंच, न भांडता, विझून जाईल.

त्या शनिवारी सकाळी नूपुरला लस टोचून ती तिला घेऊन बसने डमडमला घरी परतत होती. इथल्या बस धड थांबत नाहीत, जरा हळू होतात आणि माणसं उड्या मारतात. पण ती दारात आली तशी कंडक्टरने पत्र्यावर थाप मारून बंगालीत आरोळी दिली. "आस्ते, लेडीज! कोले बाच्चा!" हळू, बाई उतरतेय, कडेवर बाळ आहे. बस पुरती थांबली. मागे हॉर्न बोंबलत होते. ऋताने आधी ओढणी सावरली, मग पिशवी, मग एक पाय खाली ठेवला. कुणी 'चला चला' म्हटलं नाही.

दुपारी नूपुर गाढ झोपली. सलील कपड्यांच्या घड्या घालत होता. त्याच्या हातातला टॉवेल ऋतानेच काढून घेतला आणि त्याला जवळ ओढलं.

थोड्या वेळाने पुन्हा तीच कळ आली. पायाची बोटं आवळली गेली आणि तिच्या तोंडून निघालं, "आस्ते, लेडीज."

सलील जागच्या जागी थांबला. "काय?"

"कोले बाच्चा. गाडी थांबव."

तो हसला, मग त्याने तिचा चेहरा बघितला. "दुखतंय?"

"पहिल्यापासून दुखतंय."

"अगं बावळट, मग बोलायचं ना."

"बोलले की आता."

तो रुसला नाही, पाठ फिरवून झोपलाही नाही. म्हणाला, "मग गाडी तूच चालव."

तिने चालवली. सावकाश, नुसत्या हातांनी, तिला हवं तिथे, हवं तेवढंच. तो शेवटाशी आला की ती म्हणायची, "आस्ते," आणि तो तिच्या खांद्यावर कपाळ टेकून थांबायचा.

"ऋता, ब्रेक फेल होतोय."

"होत नाही. श्वास घे. लेडीज अजून पायरीवरच आहेत."

दोघं आवाज न करता हसत राहिले, पलंग हलेपर्यंत. मग पुन्हा सुरुवात, पुन्हा थांबणं. दरवेळी ओढ आधीपेक्षा वाढलेली. एकदा तर तिचं स्वतःचंच शरीर पुढे धावलं, तेव्हा तिने स्वतःलाही थांबवलं. इतके महिने जे उरकून टाकायचं होतं, ते आता तिला मुद्दाम लांबवावंसं वाटत होतं. शेवटी "आता" म्हणाली तीही तीच. त्यानंतर तिच्या घशातून निघालेला आवाज खरा होता. तो तिलाही नवा होता.

नूपुर कुरकुरली. सलील उठला. "तू पड. मी बघतो."

आणि ऋता खरंच पडून राहिली. केस विस्कटलेले, पायाची बोटं मोकळी. निकालाच्या दिवशी वाटायचा तसा अभिमान वाटत होता, फक्त पेढे वाटता येणार नव्हते. थोडा त्याचाही वाटत होता. थांबणं त्याला जमलं होतं.

संध्याकाळी तिने बजबज गावी राहणाऱ्या मंजुषाला फोन लावला. कॉलेजातली मैत्रीण, नुकतीच बाळंत झालेली.

"बाळ मस्त आहे गं," मंजुषा म्हणाली.

"बाळाचं नाही विचारलं. तू कशी आहेस?"

"मी? ठीक."

ऋताने फोन ठेवला नाही. खुर्ची ओढून बसली आणि विचारलं, "दुखतं का गं अजून?"

तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल. आजच फोन करा तिला. बाळाचं ती आपणहून सांगेल. तुम्ही तिचं विचारा, आणि ती 'ठीक' म्हणाली तर लगेच ठेवून देऊ नका.