फळ्यावर नसलेला पियानो

कडी

मॅडमनी वरच्या खोलीची कडी सरकवली, दार एकदा ओढून पाहिलं आणि पर्स खांद्याला अडकवली.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मीच आहे, आई."

"मी म्हणजे कोण?"

"मी म्हणजे मी. कॉलेजला निघालेय. पाणी उशाशी ठेवलंय. दुपारी जेवायच्या आत येतेच."

"दार लावू नकोस हं."

"नाही लावत," मॅडम म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या. मधली एक पायरी हलायची. तिच्यावर पाय न देता उतरायची त्यांना सवय झाली होती.

कडी आधी आतून होती. आईने एकदा गॅस चालू ठेवला. मग एके दिवशी ती झोपायच्या कपड्यांत थेट हमरस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करू लागली. शेजारीणबाईंनी तिला धरून घरी आणलं. त्यानंतर सोबतीला एक बाई ठेवली, ती गेली. दुसरी ठेवली, ती न सांगता गेली. मग सुतार आला. कडी आतून निघून बाहेर लागली, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळलं की आई मॅडमच्या भावाकडे गेली. भाऊ दुसऱ्या देशात होता. खात्री करायला तिथवर कोण जाणार?

निर्णय घेतला की त्याकडे वळून बघायचं नाही, असा मॅडमचा खाक्या होता. कॉलेजात तो फार गाजला होता.

सामान

"चला, सामान सांगा."

वर्ग ओरडू लागला. हवेली! वादळ! घुबड! मेणबत्ती! घराण्याचा शाप! मॅडम भराभर फळ्यावर लिहीत गेल्या.

"भूत," मागून कोणीतरी म्हणालं.

"भूत कुठल्या पानावर आहे?"

"पान सापडत नाही मॅडम, पण आहेसं वाटतं."

"वाटतं तेही सामानच. लिहिते."

भयकथा शिकवायची मॅडमची ही पद्धत होती. आधी भीतीचं सगळं सामान फळ्यावर मांडायचं. मग डस्टर घेऊन एकेक वस्तू पुसायची आणि तिच्या जागी साधीसुधी वस्तू ठेवायची. सगळं पुसून झाल्यावर जे उरतं, ती पात्राची करणी. तिचा न्याय करायचा. वादळाचा न्याय कसला करणार?

आजच्या गोष्टीत दोन बहिणी होत्या. थोरली धाकटीला हवेलीच्या वरच्या खोलीत कोंडून ठेवते आणि ती परदेशी गेली असं सगळ्यांना सांगते. एक पाहुणा मुक्कामाला येतो. त्याला छतावरून पावलं ऐकू येतात. शेवटच्या पानावर तो ते दार उघडतो आणि गोष्ट तिथेच थांबते.

"हवेली पुसली." मॅडमनी डस्टर फिरवलं. "साधं दुमजली घर. नळाला पाणी येतं. वादळ पुसलं. रात्रही पुसली. लख्ख दुपार आहे. घुबड?"

"कावळा ठेवा मॅडम!"

"काही नको. मेणबत्ती नको, ट्यूबलाइट आहे. शाप पुसला. धाकटीला विसरण्याचा आजार आहे, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय." त्यांनी हात झटकले. खडूची पूड उडाली. "आता काय उरलं?"

"एक खोली," पहिल्या बाकावरून उत्तर आलं. "बाहेरून कडी. आणि कडीबाहेर एक बाई."

"भीती कमी झाली?"

"वाढली मॅडम. हे आमच्या शेजारीसुद्धा असू शकतं."

मॅडम हसल्या. "शाबास."

बचाव

दुसरा भाग त्यांच्या खास आवडीचा होता. गोष्टीतलं सर्वांत वाईट पात्र त्या स्वतः घ्यायच्या. त्याच्या बाजूने त्या लढायच्या आणि वर्गाने त्यांना हरवायचं. हरेल त्याने फळा पुसायचा. आजवर फळा विद्यार्थ्यांनीच पुसला होता.

त्या टेबलाच्या कडेवर बसल्या. "मी थोरली. या."

ज्याला सगळे वकीलसाहेब म्हणायचे तो उठला. "माणसाला कोंडणं हा गुन्हा आहे."

"आणि जी बाई आग पेटती ठेवून झोपते तिला मोकळं सोडणं?"

"गोष्टीत ती आग कुठे पेटती ठेवते?"

"शेगडी आहे. स्वयंपाकघराचं वर्णन वाच."

वकीलसाहेबांनी पानं उलटली. शेगडी होती. "मग सोबतीला कोणी ठेवायचं."

"दोघी ठेवल्या. दोघी गेल्या."

"हे कुठे लिहिलंय?"

"ओळींच्या मधे," मॅडम म्हणाल्या. वर्ग हसला.

"दवाखान्यात ठेवायचं," दुसरी एक म्हणाली.

"जिला रोज सकाळी स्वतःची खोलीसुद्धा नवी वाटते, तिला आणखी अनोळखी खोलीत नेऊन टाकू? इथे तिची चादर आहे, तिची खिडकी आहे. मी तिला न्हाऊ घालते, भरवते, तिचे केस विंचरते. गुंता झाला तर अर्धा तास सोडवत बसते, पण कात्री लावत नाही. तुमच्यातल्या कोणी आपल्या आईचे केस विंचरलेत?"

कोणी हात वर केला नाही. मॅडमचा आवाज इतका खणखणीत कधी लागला नव्हता. वकीलसाहेबांनी हात जोडले. "मॅडम, तुम्ही तर तिच्या घरी राहून आल्यासारखं बोलताय. घ्या, निर्दोष."

तो डस्टर घ्यायला पुढे निघाला.

"पण मॅडम."

ही पणबाई. तिचं दर वाक्य 'पण'ने सुरू व्हायचं, म्हणून वर्गाने तिला हे नाव दिलं होतं. तिलाही ते मान्य होतं. शेवटून दुसऱ्या बाकावर ती पुस्तक उघडं धरून उभी होती.

"आली पणबाई," कोणीतरी कण्हलं. "आता जेवण बुडालं."

"बोल," मॅडम म्हणाल्या.

"पण तुम्ही पियानो पुसला नाही."

मॅडमनी फळ्याकडे पाहिलं. "पियानो यादीत नव्हताच. कोणी सांगितलाच नाही."

"तेच म्हणतेय. मला वाटलं तेही सामान आहे. जुनं घर म्हटलं की पियानो आलाच. म्हणून मी तो पुसायला गेले, पण पुसला जाईना." तिने पानं चाळली. "थोरली एकटी असताना तो कधीच वाजवत नाही. पाहुणा आला की बसते. पावलं वाजली की जोरात वाजवते. दर वेळी. तपासून पाहा."

पानांची सळसळ झाली.

"कडीचं तुम्ही जे बोललात ते मला पटलं," पणबाई म्हणाली. "कदाचित मीही कडी लावली असती. पण मग पियानो कशाला? आपण बरोबर वागतोय असं तिला वाटत असतं, तर ती पाहुण्याला म्हणाली असती, वर माझी बहीण आहे, आजारी आहे, चला भेटवते, पायऱ्या जपून चढा. कडी बहिणीसाठी असेल मॅडम. पियानो कोणासाठी आहे?"

मॅडमनी तोंड उघडलं. ओळींच्या मधलं बरंच काही त्यांच्याकडे अजून शिल्लक होतं. वर्ग वाट पाहत होता. त्यांनी टेबलावरची खडूची पूड बोटाने एका बाजूला सारली, मग दुसऱ्या बाजूला.

"वकीलसाहेब," त्या म्हणाल्या, "डस्टर द्या इकडे."

वर्गाने बाकं बडवली. मॅडमनी फळा पुसला, वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यांसकट. एरवी विद्यार्थी कोपरे सोडायचे.

"पणबाई, आज घरी सांग, मॅडमना हरवलं म्हणून."

"पण मॅडम, घरी विश्वास ठेवणार नाहीत."

भूत

या गोष्टीत नाही.

रेडिओ

लख्ख दुपार. साधं दुमजली घर. मॅडम चपला काढतात न काढतात तोच बेल वाजली.

शेजारीणबाई होत्या. काखेत खोकं होतं. "तुमचं कुरिअर. सकाळपासून माझ्याकडे पडलंय. पुस्तकंच असणार, खांदा निखळला माझा."

"या ना, आत या."

त्या आल्या, खोकं टेबलावर ठेवलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. वर खुर्ची सरकली. मग पावलं: चार इकडे, चार तिकडे.

मॅडमचा हात कपाटावरच्या रेडिओच्या बटणावर गेला होता. तो कधी गेला ते त्यांना कळलंही नव्हतं.

"लावा, लावा," शेजारीणबाई म्हणाल्या. "मी आले की तुम्ही लावताच. आमचे हे म्हणतात, बाई फार गाणंवेडी आहे."

मॅडमनी बटण फिरवलं नाही. बोटं तिथेच राहिली.

"आणि आई कशा आहेत? भावाकडे रमल्या ना?"

वर काहीतरी पडलं. भांडं असावं. ते घरंगळत गेलं आणि भिंतीला लागून थांबलं. शेजारीणबाईंनी छताकडे पाहिलं आणि झटकन नजर खोक्यावर आणली. खोक्याची चिकटपट्टी त्या नखाने उगाच दाबत बसल्या.

"मांजर असेल," त्या हळूच म्हणाल्या. "मेली कुठूनही शिरतात."

एवढं तयार वाक्य मॅडमच्या हातात आयतं कोणी ठेवलं नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. शेजारीणबाईंच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की हलवलेली त्यांनाही चालेल, गेले कित्येक दिवस चालत आली आहे.

मॅडमनी रेडिओवरचा हात काढला.

"मांजर नाही," त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "आई आहे. ती कुठेही गेली नव्हती. वरच असते. तुम्हाला वेळ आहे का?"

शेजारीणबाईंनी नखाखालची पट्टी सोडली. "भात लावलाय," त्या म्हणाल्या. मग, "लागू दे."

"पायऱ्या जपून चढा. मधली हलते."

मॅडम पुढे, शेजारीणबाई मागे. वर पोचेपर्यंत पावलं थांबली होती. बंद दारापुढे दोघी उभ्या राहिल्या. शेजारीणबाईंचं लक्ष कडीवर गेलं. ती जुनीच होती, पण लाकडातले स्क्रू नवे होते, अजून चकाकत होते. मॅडमनी कडीवर बोटं ठेवली.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी आहे, आई. शेजारच्या बाईपण आल्यात तुला भेटायला."

"अगं बाई! मग अशा बाहेर काय उभ्या राहिलात? या ना," आई म्हणाली. "दार उघडंच आहे."