हवापालटाला आलेले घर

नरोत्तमकाका खांबाला कान लावत, तेव्हा वटार गावच्या वाडीतली दुपार श्वास रोखून उभी राही. केळीच्या पानांतून गाळून आलेला हिरवट, ओलसर उजेड त्यांच्या टकलावर डुलत असे, विहिरीवरच्या पंपाची धडधड आपसूक मंद होई, आणि काका डोळे मिटून, बोटाच्या पेराने सागवानावर एकच टिचकी मारून, आतून उमटणारा नाद एखाद्या गवयाने तंबोऱ्याचा षड्ज ऐकावा तसा ऐकत. मग निर्णय देत, "जिवंत आहे." त्यांच्या मते झाड तोडले तरी लाकूड मरत नसे, घर झाल्यावर ते माणसांचे बोलणे पीत पीत सावकाश म्हातारे होई. एका खांबातून आपण सासू-सुनेचे अख्खे भांडण ऐकले आहे, असे ते शपथेवर सांगत. सासूचे बरोबर होते, हेही सांगत.

काका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. घराण्याचा धंदा केळी आणि पानवेलींचा. पण तरुणपणी त्यांना समुद्राने हाक मारली आणि ते परदेशी बोटीवर भांडारी, म्हणजे स्वयंपाकी, झाले. उत्तरेकडच्या एका बर्फाळ बंदरात त्यांची बोट यंत्र बिघडून अडकली. तिथली थंडी अशी, की फोडणीत टाकलेली मोहरी तडतडायला वर उडे, गारठे, आणि मुकाट्याने पुन्हा तेलात उतरून बसे. त्या शहरातल्या एका टेकडीवर काकांनी जे पाहिले, ते त्यांच्या डोळ्यांतून पुढे कधी मावळलेच नाही.

तिथे घरे गोळा करून ठेवलेली होती. शंभरेक वर्षांपूर्वी त्या देशातल्या एका माणसाला धास्ती पडली होती, की रेल्वे आली, गिरण्या आल्या, माणसे शहराकडे निघाली. उद्या आपल्या पणज्यांनी कुठल्या चुलीशी हात शेकले, हे पोरांना कोण दाखवणार? म्हणून त्याने दूरदूरची घरे सुटी करवली, खांब अन् खांब वाहून आणला आणि त्या टेकडीवर पुन्हा उभा केला. लोक संग्रहालयात भांडी मांडतात. त्याने भांड्यांना घर दिले, घराला अंगण दिले, अंगणाला गाय दिली, आणि चुलीत जाळ घातला. मग ती साथ शेजारच्या देशांना लागली. कुणी लाकडी देवळे उचलली, कुणी पवनचक्क्या, कुणी दुकानांसकट गल्लीच्या गल्ली. होता होता ती महासागर ओलांडून गेली. आणि कुठल्याही इतिहासकाराला सुगावा न लागता, एका भांडाऱ्याच्या अंगात बसून ती वसई तालुक्यात उतरली.

तिला उतरायला मुहूर्तही नेमका सापडला. ते नव्वदीचे दशक होते. पूर्वेला एव्हरशाईन सिटीच्या इमारती कोजागिरीच्या दुधासारख्या उतू येत होत्या, आणि पश्चिमेच्या गावांतही जुने वासे उतरून स्लॅब पडत होते. काका सायकलवरून हिंडत, मोडणाऱ्या घरांपुढे अंत्ययात्रेला आल्यासारखे उभे राहत, आणि परतताना त्यांच्यामागून एखादी तुळई टेम्पोतून येत असे. मिठागरावरची एक खोप आली. एका ख्रिस्ती घराचा ओटा आला, त्याच्या कोरीव खांबांसकट. वाटेत कुणी विचारले, "काका, घर कुठं चाललं?" तर उत्तर ठरलेले : "हवापालटाला."

काकूंचे म्हणणे निराळे. "लोकांचे नवरे सवत आणतात, आमच्यांनी घरं आणली. सवत निदान भांडी तरी घासते."

अर्नाळ्याच्या हिराबायचे घर मात्र त्यांनी मागितले नव्हते. ते चालून आले. हिराबाय आमच्या दारोदार सुकट-बोंबील विकणारी, अंगाने काटक, आवाजाने तुतारी. ती नाक्यावर "बोंबीऽऽल" म्हणाली की आमच्या मांजरी घरात अंगठ्यावर उभ्या राहत. तिचा नवरा एका हंगामात होडी घेऊन गेला तो आलाच नव्हता. गावाने त्याला बुडालेला ठरवून टाकले. तिने त्या ठरावाला संमती दिली नाही, आणि कपाळावरचे कुंकूही पुसले नाही. आता मुलगा पक्के घर बांधणार होता. तिने टोपली उतरवली, पदराने घाम टिपला आणि काकांना सांगितले, "दादूस, लाकडं चुलीत घालीन, पन मोडवाल्याला देनार नाय. तू ने. फकस्त मी येन तवा मना माजं घर गावलं पायजे."

"बाय," काका छातीवर हात ठेवून म्हणाले, "तुझ्या घराची पालसुद्धा तिच्याच भिंतीवर असेल."

मग जे झाले ते अनुष्ठानच होते. स्वयंपाक्याचाच हात तो. डाव्या अंगाच्या लाकडांना त्यांनी खुणेला हळदीचे बोट लावले, उजव्या अंगाच्या लाकडांना कुंकवाचे. सुटे झालेले घर मळवट भरलेल्या वऱ्हाडासारखे टेम्पोतून वटारला आले, आणि केळीच्या गर्द सावलीत वासा वाशाला, खुंटी खाचेला मिळत गेली. चुलीचे दगड तेच, कौले तीच, दाराची कडीसुद्धा तशीच करकरणारी. दार काकांनी उगवतीला ठेवले. आमच्या बागाईतल्या माणसाला दुसरे सुचतच नाही. अंगणात तुळस, दारात सूर्य, पाहुणा वाटेवरून थेट ओटीवर.

हिराबाय नवे लुगडे नेसून आली. उंबऱ्यापाशी थबकली. आत गेली, खांबांवरून हात फिरवला, खुंटीवर नसलेले जाळे चाचपले; आणि सरळ मागच्या खोलीत जाऊन चुलीवरच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. समुद्र त्या दिशेला होता. कोळ्याच्या घराला दार असते ते येणारे शीड दिसावे म्हणून; तिची अर्धी हयात त्या उंबऱ्यावर, मावळतीकडे बघण्यात गेली होती.

"दादूस," ती हळू म्हणाली, आणि तिचा आवाज हळू होऊ शकतो हे वटारला त्या दिवशी कळले, "माज्या घराला पाठमोरं केलंस. आता धनी आला त कुठून येल? चुलीतून?"

टोपली उचलून ती गेली. काका ओटीवर बसून राहिले. पंप बंद झाला, कावळे परतले, आणि त्यांच्या टकलावरचा उजेड हलायचा विसरला. त्या टेकडीवरच्या माणसाने एकेक खिळा जपला असेल. पण वाट कुठल्या बाजूने बघतात, हे त्याने कुणाला विचारले असेल का, हाच प्रश्न तेव्हा त्यांच्या तोंडावर लिहिलेला होता.

दुसऱ्या सकाळी ते कौलांवर चढलेले दिसले. काकू खालून ओरडल्या, "घर आहे की भाकरी, परतताय ते?"

"एक बाजू करपली," काका वरून म्हणाले.

मीही शिडी धरायला उभा राहिलो. पुन्हा वासे उतरले, पुन्हा हळद हळदीला आणि कुंकू कुंकवाला भेटले. या खेपेला दार मावळतीला आले, आणि वाटेकडे चुलीची आंधळी भिंत. समुद्र तिथून दिसत नव्हताच. दिसत होती ती केळी, विहीर, आणि पुन्हा केळी. काका स्वतः अर्नाळ्याला जाऊन आले. काय बोलले ते ठाऊक नाही. माफी मागताना त्यांनी नेहमीसारखी पदरच्या एका शब्दाचीही भर घातली नसावी, कारण परतल्यावर फार दमलेले दिसत होते.

हिराबाय संध्याकाळी आली, जुन्याच लुगड्यात. उंबऱ्यावर बसली. तेवढ्यात खाऱ्या वाऱ्याची झुळूक वाडीत शिरली आणि फाटक्या केळीपानांची सळसळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेली, वाळूवर लाट पसरते तशी. बायने डोळ्यांवर हात आडवा धरला. पुष्कळ वेळाने म्हणाली, "हां. आता दिसतंय."

काय, ते काकूंनीही विचारले नाही. त्यांनी आत जाऊन चहा टाकला.

ती पुढे वर्षानुवर्षे येत राहिली. मग येईनाशी झाली. काकाही गेले. त्यांच्या संग्रहालयाला कधी पाटी लागली नाही, तिकीट लागले नाही. खोप कलली, ओट्यावर शेवाळ चढले, आणि वाटेवरून जाणारे नवे लोक हसून विचारतात, या घराने गावाकडे पाठ का केली? मी त्यांना दर वेळी वेगळी गोष्ट सांगतो. खरे सांगावे अशा वेळी ते सगळे निघून गेलेले असतात : ऊन तिरपे होते, त्या दारातून वाकून आत येते, थंड चुलीपर्यंत जाऊन टेकते, आणि जो कधीच परतला नाही त्याला वाट मिळावी म्हणून काळ आपले भिजलेले पाय पोटाशी घेऊन उंबऱ्यावर जरासा सरकून बसतो.