राखणीचे पाच दिवस

सोनियाने देवघरातलं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर आपल्या कॅलेंडरशेजारी पसरलं. पानं उडू नयेत म्हणून एका कोपऱ्यावर तांब्या ठेवला, दुसऱ्यावर पोळपाट. देवघरातल्या कॅलेंडरवर सासूबाईंच्या बोटाचे हळदीचे ठिपके होते. शुद्ध एकादशी ते पौर्णिमा, दर महिन्याला पाच. तिच्या स्वतःच्या कॅलेंडरवर सकाळीच ओढलेली लाल वर्तुळं होती.

तिनं एप्रिलचं पान पाहिलं, मग मागे जाऊन मार्च, फेब्रुवारी, जानेवारी. हळदीच्या प्रत्येक ठिपक्याच्या जागी तिचं एक वर्तुळ होतं. दोघींनी शेजारी बसून एकच खूण केली असावी, तसं.

आदल्या दिवशी ती भोरला डॉक्टर सुहासिनीबाईंकडे गेली होती. दोघांचे रिपोर्ट पुन्हा एकदा पाहून बाईंनी चष्मा काढून ठेवला होता.

"दोघांमध्ये काहीच दोष नाही. गोळी रोज एक, न चुकता. मिस्टरांची तंबाखू बंद म्हणजे बंद. तुमचे उपास जरा कमी करा, पोटभर जेवा. आणि पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं. अकरावा ते सोळावा, हे तुमचे दिवस. त्या दिवसांत एक दिवसाआड तरी जवळ यायचं. तेव्हा ते घरीच असतात ना?"

"हो," सोनिया म्हणाली होती.

खोटं बोलायचं म्हणून ती बोलली नव्हती. भिंतीवर गर्भाशयाचं रंगीत चित्र टांगलेल्या त्या खोलीत साती आसरांची राखण कशी सांगायची, ते तिला सुचलं नव्हतं.

तिची पाळी लग्नाआधीपासून अमावास्येच्या मागेपुढे यायची, फार तर एक दिवस इकडे-तिकडे. म्हणजे तिचे दिवस दशमीला सुरू होत आणि पौर्णिमेला संपत. दशमीला घरात एकभुक्त असे आणि अंथरुणं वेगळी पडत. एकादशीला सूर्य मावळायच्या आत तिचा नवरा धनाजी काखेत घोंगडी मारून धरणाकडे उतरे, तो पाच रात्री तिकडेच. घरातल्या कर्त्या पुरुषानं आसरांच्या राखणीला झोपायचं, ही तिच्या सासरची चाल. पाण्यातल्या त्या सात बायका नदीच्या डोहात राहतात म्हणत. डोह आता धरणाच्या पोटात होता. पाणी चढलं तेव्हा गावानं त्यांचे शेंदूर लावलेले सात दगड वर आणून काठच्या उंबराखाली मांडले होते.

सहा वर्षं सोनियानं त्यांच्या सात ओट्या स्वतःच्या हातानं भरल्या होत्या. प्रत्येक ओटीत खण, तांदूळ, हळकुंड, खोबऱ्याची वाटी आणि दोन हिरव्या बांगड्या. पदर पसरून मागणं एकच. तिच्या मनात त्यांच्याविषयी कधी वाकडं आलं नव्हतं. आताही आलं नाही. फक्त हाताला घाम आला आणि लाल शाई बोटाला लागली.

दारात सावली पडली. तीन घरं सोडून राहणारी अंबूबाई विरजण मागायला आली होती.

"काय गं सोनिया, काल भोरचा बाजार लई लांबला. पिशवी तर रिकामीच दिसली मला."

"औषधं होती, अंबूमावशी."

"औशदं? आता आमच्या धनाजीला बी पाजतीस का काय?" अंबूबाई हसली. हसता हसता तिची नजर फरशीवरच्या ठिपक्यांवर गेली. तिनं विरजणाची वाटी घेतली आणि टेकायचं नाव न काढता निघून गेली.

सासूबाई, बनाबाई, मागच्या दारी शेण्या रचत होत्या. सोनियानं दोन्ही कॅलेंडरं उचलली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं मनात तीनदा जुळवलं होतं, पण बोलावं लागलं नाही. बनाबाईंनी पिवळ्यावरून लालवर आणि लालवरून पिवळ्यावर नजर फिरवली, हात लुगड्याला पुसले.

"मोजलंस व्हय," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, तुमाला ठावं होतं?"

"म्या सुंभाला गाठी मारून मोजलं व्हतं. डाक्टरीन कुठली त्या वक्ताला." त्यांनी एक शेणी उचलली, पुन्हा तिथंच ठेवली. "सात वर्सं काय न्हाई. मग एका फाल्गुनात धनाजीच्या बाला ताप भरला. एकादशीला राखणीला जाता आलं न्हाई. दुसऱ्या दिशी ताप उतरला. पर म्या पुनवेपत्तोर समद्यास्नी सांगत ऱ्हायले, अजून अंग गरम हाय."

सोनिया खाली बसली.

"मार्गशीर्षात धनाजी झाला," बनाबाई म्हणाल्या. "त्याच्या आदी श्रावनात ह्ये बैलं धुवाय डोहात उतरलं. बैलं वर आली."

धनाजीचे वडील सापडले नव्हते, एवढं सोनियाला माहीत होतं. घरात त्यांचं श्राद्ध तिथीला होत नसे, सर्वपित्रीला होई.

"म्हंजे मूल पायजे तर..." सोनियाचं वाक्य तिथंच राहिलं.

"म्या तुला आडवी आले असं वाटत आसंल. माजं लेकरू जितं ऱ्हावं, एवढंच बघितलं म्या."

"बाप्याच लागतो का राखणीला?"

"तसंच हाय."

"कुणी सांगितलं?"

"माज्या सासूनं."

"आणि त्यांना?"

बनाबाई शेण्यांकडे वळल्या. संध्याकाळपर्यंत त्या शेण्याच रचत राहिल्या, रचलेल्या काढून पुन्हा रचत.

दुसऱ्या दिवशी एकादशी. ऊन उतरल्यावर धनाजी टेम्पो लावून आला, हातपाय धुतले आणि खुंटीवरची घोंगडी काढली. बनाबाईंनी ती त्याच्या हातातून घेतली.

"आज ऱ्हाऊ दे. म्या जाते."

"तू? आई, तुला ओटा चढाय दोन माणसं लागत्यात. गुडघे बघ तुजे."

"गुडघे काय पान्यात घालायचेत व्हय?"

धनाजी हसला. मग आईचा चेहरा पाहून त्याचं हसू ओसरलं. त्यानं बायकोकडे पाहिलं. ती सुपात सात ओट्या लावत होती, मान खाली घालून.

"बाप्या नसला तर चालंल का?" त्यानं विचारलं.

"त्यास्नी राखन लागती. बाकीचं म्या बोलंन त्यांच्याशी." त्यांनी सूप उचललं. "तू तंबाखूची पुडी हितं ठेव आन् जेवून घे."

दुसऱ्या दिवशी सूर्य डोंगराच्या वर यायच्या आधी बनाबाई परतल्या. सोनिया तुळशीला पाणी घालत होती. सासूबाईंच्या लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत ओला होता.

"दव पडलं का?"

"आसंल."

चैत्रात कुठलं दव. धरणाचं पाणी आटून दगडांपासून शंभर पावलं खाली गेलं होतं आणि मधला चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. धनाजीही राखणीहून आला की त्याचे पाय ओलेच असत, हे सोनियाला आत्ता आठवलं. सहा वर्षं ती त्याला पाय पुसायला फडकं देत आली होती.

त्रयोदशीला लुगडं पोटऱ्यांपर्यंत ओलं होतं. चतुर्दशीला गुडघ्यांपर्यंत. सोनियानं पाणी तापवून दिलं. त्या आंघोळीला बसल्या की आतून गुणगुणणं ऐकू येई. सहा वर्षांत तिनं सासूबाईंना गाताना ऐकलं नव्हतं. त्या दिवसांत दुपारी त्या ओसरीवर गाढ झोपत आणि जाग आली की कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं शेजारच्या जागेकडे बघत.

पौर्णिमेच्या रात्रीनंतर त्यांना यायला उशीर झाला. ऊन ओसरीवर आलं तेव्हा त्या पायवाटेवर दिसल्या. सावकाश येत होत्या, पण गुडघा न धरता. लुगडं कमरेपर्यंत ओलं होतं. केस मोकळे होते आणि त्यांतून पाणी गळत होतं. दोन्ही हात त्यांनी पदराखाली घेतले होते.

"झाली राखन," त्या म्हणाल्या आणि ओट्यावर टेकल्या. ओटा त्या एकट्याच चढल्या होत्या.

सोनियानं चहाची कपबशी पुढे केली. बनाबाईंनी पदराखालून हात काढले. कपबशी हातात गेली तेव्हा बारीक किणकिण झाली.

दोन्ही मनगटांत एक-एक हिरवी बांगडी होती.

तेहतीस वर्षं ते हात मोकळे होते. बांगड्या घट्ट बसल्या होत्या, दुसऱ्या कुणी साबण लावून, हात चेपून भरल्यासारख्या. सोनियाची नजर तिथं गेली आणि तिनं ती चुलीकडे वळवली. आतून धनाजी मोबाईलवर कुणाशी तरी दुधाचं बोलत होता. तो बाहेर यायच्या आत बनाबाईंनी हात पुन्हा पदराखाली घेतले.

"घाबरू नगं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माज्यापत्तोर मिटलंय." मग चहाचा घोट घेतला. "तू मातुर पान्याकडं जाऊ नगंस आता. धुनं बी घरीच धू."

"आत्याबाई, अजून काही..."

"जाऊ नगंस," त्या म्हणाल्या. चहा संपवला आणि कपबशी स्वतः विसळून ठेवली.

वैशाख जवळ आला. अमावास्या होऊन गेली. सोनिया लाल पेन हातात घेऊन कॅलेंडरपाशी उभी राहिली आणि पेन परत ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. आठव्या दिवशी तिनं धनाजीला सांगितलं. तो बराच वेळ नुसता टेम्पोची काच पुसत राहिला. बनाबाईंना कुणी काही सांगितलं नाही. त्यांनी मात्र त्याच दिवशी जुन्या मऊ लुगड्याचे चौकोन फाडायला घेतले.

मग एकादशी आली. ऊन उतरताच त्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली.

"आता कशाला, आई?" धनाजी म्हणाला. "म्या जातो ना ह्या टायमाला."

"तू ऱ्हा सोनियापाशी. माजी वाट बघत्यात त्या."

हे त्या सहज बोलल्या, माहेरी निघाल्यासारखं. चालताना पदराच्या आत किणकिण होत होती. धनाजीला ती ऐकू आली की नाही, कळलं नाही. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

सोनिया आत सुपाशी बसली होती. खण, तांदूळ, हळकुंड, खोबऱ्याची वाटी, दोन बांगड्या. सात झाल्या. बाहेर बनाबाई सुपासाठी थांबून राहिल्या होत्या.

सोनियानं एक हात पोटावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं सासूबाईंच्या नावानं आठवी ओटी भरायला घेतली.