गाऱ्हाण्यातलं नाव

"सुविधाक फुडे ये म्हणान सांग. नारळ तिनाच ठेवूचो. चूक तिची, तर गाऱ्हाण्यात नाव पण तिचाच येतला," माझे थोरले दीर, गोकुळदास भावोजी, गणपतीसमोर उभे राहत म्हणाले.

गणपतीच्या डोक्यावर फळा-पानांची माटोळी टांगलेली, तिच्यात राहून गेलेला सुपारीचा घोस मी बांधत होते. हात थांबला. चतुर्थीचा दिवस, आरती नुकतीच झालेली, घरभर खतखत्याच्या भाजीचा वास, आणि घरातला कर्ता माणूस स्वतःच्या सुनेला चोरासारखी उभी करतोय! चूक कसली म्हणे, तर गेल्या चतुर्थीला तिने पोटुशी असल्याचं लपवलं.

आमच्या घरची रीत अशी, की घरात बाई गरोदर असली तर गणपती पोचवायचा नाही. ती बाळंत होईपर्यंत तो घरातच राहतो. गेल्या वर्षी आम्ही दीड दिवसाने पोचवला. सुविधाला दिवस गेल्याचं कळलं ते त्यानंतर. तेव्हा याच भावोजींनी वाडीभर पेढे वाटले, "गणपतीन दिल्यान" म्हणत. मे महिन्यात साईश झाला आणि डॉक्टर म्हणाले, काळजात भोक आहे, ऑपरेशन करावं लागेल. झालं! देणारा गणपती एका रात्रीत शिक्षा करणारा झाला.

हॉस्पिटलात मी तिच्याबरोबर होते. तिने रडत विचारलं, "डॉक्टर, माझा काय चुकला?"

डॉक्टरीणबाईंनी गळ्यातली तपासायची नळी हातात घेतली. "काळीज आधी अशी साधी नळी असते. ती धडधडायला लागते आणि मग अशी वाकते." त्यांनी नळी वाकवून दाखवली. "मग आत पडदे वाढतात, कप्पे होतात. तुमच्या बाळाचा एक पडदा पुरता जुळला नाही. का, ते पुष्कळदा आम्हालाही सांगता येत नाही. पाळी चुकली की नुसती लांबली, असा विचार बाई करत असते ना, तेव्हाच ही नळी धडधडू लागलेली असते. तुम्ही काही केलेलं नाही."

हे सगळं मी घरी येऊन सांगितलं. भावोजी म्हणाले, "डॉक्टर काय गणपतीपेक्षा मोठी?" त्यांचा मुलगा गौरेश, म्हणजे सुविधाचा नवरा, मोबाइलमध्ये तोंड घालून बसला. मेल्याची बाप दिसला की वाचाच बसते!

सुविधाने बाळ माझ्याकडे दिलं आणि नारळ उचलला. मी तिचा दंड धरला. "तू कित्याक जातंस गो?"

"जाऊंदे काकी. माझ्या झिलाचा बरा होणार असात तर कायपण म्हणान."

"आणि तो मोठो झाल्यार? आवशीन तुझा काळीज मोडल्यान, असा सगळे सांगतले त्याका. चलतला तुका?"

तिचे डोळे भरले. पण गेली. आईची जात, काय करणार!

भावोजींनी हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, आज ही लेकरा तुझ्या फुडे उभी आसत..."

"व्हय म्हाराजा!" आरतीला जमलेले सगळे म्हणाले.

"काय वाकडा-वायट असात ता दूर कर..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरच्या सुनेन, सुविधान, तुझ्यापासून लपवन ठेवल्यान, तेची शिक्षा पोराक गावली, तिका माफ कर..."

"नाय म्हाराजा!"

आवाज माझाच होता. आमच्याकडे गाऱ्हाण्याला बायका मोठ्याने बोलत नाहीत, त्यात मी विधवा. आणि 'नाय' तर आजवर कुणीच म्हटलेलं नाही.

"देवकी!" भावोजी ओरडले.

"काय देवकी? तिकाच जा कळला नव्हता, ता तिना लपवल्यान कसा? आणि पाटावरसून गणपती उचललो कोणी? तुमी आणि गौरेशान. मगे तुमचा नाव घ्या! देवाफुडे खोटा बोलूक लाज नाय वाटत तुमका?"

भावोजी लालबुंद झाले. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, अधिक मोठ्याने, आणि थांबले. शेजारचा संदीप माटोळीकडे बघत राहिला. कुणी 'व्हय' म्हणेना.

"नाय म्हाराजा."

गौरेश होता तो. हळू म्हणाला, पण म्हणाला. इतके महिने खंय होतंस रे, असं माझ्या ओठांवर आलं. गिळलं.

भावोजींनी जोडलेले हात कपाळाला लावले. मग पडक्या आवाजात एवढंच म्हणाले, "पोराक सांभाळ."

"व्हय म्हाराजा!" सगळे एवढ्या जोरात म्हणाले की साईश दचकून रडायला लागला. सुविधाने नारळ ठेवला, त्याला माझ्याकडून घेतलं आणि तिथेच माटोळीखाली पदर घेऊन पाजायला बसली. तो दोन घोट घेतो, धापा टाकतो, कपाळावर घाम येतो, थांबतो, मग पुन्हा घेतो. तिने घाई केली नाही.

पानं वाढून झाली होती. जेवायला उशीर झाला की घर डोक्यावर घेणारे भावोजी तिच्याकडे पाठ करून पानावर बसले. खतखतं निवत चाललं होतं. मागे बाळ थांबत होतं, पुन्हा पीत होतं. त्याचं पुरतं होईपर्यंत भावोजींनी घासाला हात लावला नाही.