भिंगरी आउट!

फ्रिजचं खोकं दोन्ही बाजूंनी कापून, आतून चंदेरी कागद चिकटवून इस्पितळातल्या खेळताईंनी जे मशीन बनवलं होतं, त्यात कापडी हत्तीचे किरणोपचार केव्हाच उरकले होते. हत्ती अगदी शहाण्यासारखा पडून राहिला. हत्तीचं काय कौतुक! प्रश्न होता भिंगरीचा.

मुलीचं खरं नाव केसपेपरपुरतंच. एरवी घरीदारी ती भिंगरी, आणि नाव ठेवणाऱ्याची पारख पक्की. सात वर्षांची ही पोर खुर्चीत बसली तरी तिचे पाय वेगळ्याच गावाला निघालेले असत. आता तिच्या डोळ्यामागच्या गाठीवर किरण सोडायचे होते. तोंडावर जाळीचा मुखवटा लावून, टेबलावर जराही न हलता पडून राहायचं. नाही जमलं तर भूल. आणि भूल म्हणजे रोज सकाळी उपाशी, उपचार संपेपर्यंत. आधीच काडी झालेल्या पोरीला ते परवडण्यासारखं नव्हतं.

"दुपारी रंगीत तालीम घेऊ," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "जमलं तर उत्तम. नाहीतर उद्यापासून भूल."

"जमेल," खेळताई म्हणाल्या. मुलांना खेळातून उपचारांची ओळख करून देणं हेच त्यांचं काम होतं, आणि त्या उगाच काही बोलत नसत.

भिंगरी खोक्यात आडवी झाली. तोंडावर तिचाच मुखवटा. तो तिनं स्वतः वाघासारखा रंगवला होता.

"स्टॅच्यू!" खेळताई म्हणाल्या.

बाजूच्या बाकावर भिंगरीची आत्या श्वास रोखून बसली. जणू मशीनमध्ये तिलाच घातलंय. थोड्या वेळानं भिंगरीचा डावा पाय हळूच वळला. खेळताईंनी तो पाहिला. पण पोरीला आज धीर हवा, असं मनाशी म्हणून त्यांनी वेळ पूर्ण होऊ दिली.

"ओव्हर! जिंकलीस!"

भिंगरीनं मुखवटा काढला. चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नावालाही नव्हता.

"मी हलले होते."

"अगं, इतकंसं चालतं," आत्या घाईघाईनं म्हणाली.

"ताई, तू पाहिलंस. तरी आउट नाही केलंस." भिंगरीचा ओठ थरथरला, पण रडण्यापेक्षा त्यात राग जास्त होता. "मला कच्चं लिंबू धरलंय! घरी पण दादा मला पकडतच नाही. राज्य येतच नाही माझ्यावर. मी नाही खेळणार."

तिनं मुखवटा हत्तीच्या तोंडावर आदळला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"झालं!" आत्या कुजबुजली. "आता ही ब्रह्मदेवाचं ऐकणार नाही. आमच्या घराण्याचा गुण आहे."

खेळताईंना पटलं, पोर म्हणत होती ते खरं होतं. आजारी पडल्यापासून तिच्या शरीराचं सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. खेळात हरण्याचा हक्क तेवढा उरला होता, तोही आज त्यांनीच काढून घेतला.

"पाहिलं मी," त्या म्हणाल्या. "डावा पाय. तू आउट होतीस, आणि मी खोटं बोलले. रडीचा डाव माझा. राज्य माझ्यावर."

आणि त्या साडी सावरत खोक्यात शिरल्या. भिंगरीनं मान किंचित वळवली.

"स्टॅच्यू," ती रागातच म्हणाली, आणि लगेच, "आउट! पापणी हलली!"

"पापणी चालते. श्वासही चालतो. मशीनला त्यानं फरक पडत नाही."

"मग कशानं पडतो?"

"खांद्यानं. खांदा सरकला की जाळीच्या आत डोकं केसभर सरकतं, आणि किरणांचा नेम चुकतो."

भिंगरीनं ते नीट ऐकून घेतलं. तेवढ्यात तालमीला बोलवायला मशीनकाका आले. खरं मशीन चालवायचं काम त्यांचं. तिनं त्यांनाही खोक्यात झोपवलं. नाकाला खाज सुटून काका क्षणात आउट झाले, आणि भिंगरी पोट धरून हसली.

"खऱ्या मशीनमध्ये पण हललं तर आउट," ती उठत म्हणाली. "खरं सांगायचं. शपथ?"

"शपथ."

खऱ्या मशीनच्या खोलीत तालमीसाठी भिंगरी टेबलावर, वाघाचा मुखवटा घट्ट बसवलेला. किरण बंदच होते. बाकीचे सगळे काचेपलीकडे, पडद्यासमोर. मशीन घुमू लागलं. वाघ निपचित. वेळ संपत आली आणि उजवा खांदा जरासा उचलला गेला.

मशीनकाकांनी खेळताईंकडे पाहिलं, डॉक्टरांनीही.

"ताई, जाऊ द्या ना," आत्या काकुळतीला आली. "एवढंसं तर हलली. आउट म्हणालात तर उठून बसेल, मग भूलच नशिबी."

खेळताईंनी माइकचं बटण दाबलं.

"भिंगरी आउट. उजवा खांदा."

आत्यानं डोळे मिटून घेतले. खोलीत मशीनची घरघर थांबली. मग जाळीतून, मिटल्या दातांआडून आवाज आला:

"माहितीये. परत घ्या. राज्य माझंच आहे."

"परत घ्या," खेळताई मशीनकाकांना म्हणाल्या. त्यांच्या आवाजात प्रश्न नव्हता.

मशीन पुन्हा घुमलं. या वेळी पडद्यावर श्वासाशिवाय काही हललं नाही. शेवटापर्यंत नाही. 'ओव्हर' म्हणण्याआधी खेळताईंनी खांदे पुन्हा एकदा तपासले, दोन्ही.

"भूल नको," डॉक्टर म्हणाल्या. "उद्या सकाळी भरपेट नाश्ता करून आणा हिला."

मुखवटा निघाला तेव्हा भिंगरीच्या गालांवर जाळीचे चौकोन उमटले होते. आत्यानं तिला कवटाळलं, आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं रडू तिला आवरेना.

"जिंकले ना, खरं खरं?" भिंगरीनं तिच्या कुशीतून खेळताईंना विचारलं.

"खरं खरं."

"मग उद्या आत्याला खोक्यात घालू." थरथरणाऱ्या आत्याकडे तिनं पारखून पाहिलं. "पण ती कच्चं लिंबू हं. तिला हललं तरी चालेल."